गोडंबीची खिरापत

आमच्या घरात भुलाबाई मांडायचा मान थोरलीचा, आणि थोरली मी. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. एका घरात एकच भुलाबाई बसते, आणि ती कोणाची हे आळीतल्या सगळ्या पोरींना ठाऊक असतं. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, महिनाभर, दिवेलागणीला पोरींचा घोळका टिपऱ्या घेऊन घरोघर फिरायचा. ज्या घरी जायचं तिथल्या मातीच्या भुलाबाईसमोर गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत. पुण्याकडच्या लोकांना हे सांगावं लागतं म्हणून सांगते, आमच्याकडे खिरापत अशी सरळ हातावर ठेवत नाहीत. ती डब्यात घालून झाकण लावायचं, घरच्या पोरीनं डबा हलवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखायची. गोड का तिखट, चपटी का गोल, असं विचारत विचारत. जी ओळखेल तिला पहिला घास. आणि जिची खिरापत पटकन ओळखली गेली तिची दुसऱ्या दिवशी शाळेत टर उडायची.

माझी कधी उडाली नाही. आम्ही अकोल्यात जुन्या शहरात राहायचो, मोर्णा नदीच्या अलीकडं, आणि अकोला तेव्हा मध्य प्रदेशात होतं. वडील जिनिंगमध्ये कारकून. घरात कापूस कधी कमी नव्हता. डब्यात खाली कापूस, वर कापूस, मध्ये खिरापत, की आवाज मरून जातो. पोरी डबा कानाला लावून लावून थकायच्या, शेवटी ‘हरलो’ म्हणायच्या, आणि मी राणीसारखी झाकण काढायची. गाणी कोणती म्हणायची, आधी कोणाच्या घरी जायचं, कोणाला घोळक्यातून काढायचं, सगळं मी ठरवायची. मी फटकळ होते. अजूनही आहे. पण पोरी माझ्याभोवती असायच्या, आणि त्या मला घाबरून असायच्या असं कोणी म्हणत असेल तर म्हणो.

माझी खिरापत ओळखायची ती एकटी बांगडीवाल्याची मुलगी. आळीत तिला बांगडीवाल्याचीच म्हणत. बाप टोपली घेऊन साऱ्या पेठा फिरायचा, आणि घरी असला की ही त्याच्याजवळ बसून बांगड्या वाजवून पाहायची. एक बांगडी दुसरीवर टिचकावली की चीर गेलेली कोणती ते आवाजावरून कळतं. त्यामुळं तिचे कान असे तयार झाले होते की विचारू नका. तिचा बाप तिला म्हणायचा, गाओ, खेलो, पर पूजा में मत बैठना. आमची आई मला म्हणायची, आरतीचं ताम्हन तिच्या हाती देऊ नको. तिनं दोघांचंही ऐकलं. आरती होईस्तोवर दारात उभी राहायची, आणि आरती संपली की खिरापतीला सगळ्यांच्या पुढं.

एकदा डबा एकदाच हलवून म्हणाली, “याच्यात कापूस हाय. अन् कापसात खोबऱ्याच्या वड्या हायेत.”

“कायच्यावरून म्हणते?”

“कायच्यावरून काय? आवाज येऊन राहिला ना.”

मला तिचा राग यायला पाहिजे होता. आला नाही. जगात एक माणूस आहे ज्याच्यापासून मला काही लपवता येत नाही, याचं मला त्या वयात इतकं बरं वाटायचं की काय सांगू. बाकीच्या पोरी माझा घोळका होत्या. ती माझी मैत्रीण होती.

आम्हा दोघींचं एक गुपितही होतं. समोरच्या घरी बाळंतीण होती, तिच्या लाडवांत गोडंबी होती. गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर, बदामाच्या धाकट्या बहिणीसारखा लागतो. तो लाडू आम्हाला अर्धा अर्धा मिळाला आणि आमचं डोकं फिरलं. माझ्या आईच्या औषधांच्या डब्यात टाचेच्या भेगांसाठी ठेवलेले बिबे होते. ते उचलले आणि तिच्या घरामागं, बकरीच्या खुंट्याजवळ, दगडानं फोडायला बसलो. हाताला राख नाही, तेल नाही, काही नाही. बिब्याचं तेल अंगाला लागलं की काय होतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि आम्हालाही होतं. पण गोडंबी खायची होती ना. एक गर अख्खा निघाला. तो दातानं अर्धा करून दोघींनी खाल्ला. रात्रीतून माझं डावं मनगट आणि तिचा उजवा हात कोपराखाली टरटरून सुजला. बिबा उतला होता. घरी सांगायची सोय नव्हती, म्हणून दोघींनी एकच थाप मारायचं ठरवलं. चुलीची वाफ लागली. ती तिच्या घरी तेच म्हणाली, मी माझ्या घरी तेच म्हणाले. आईनं ओलं खोबरं वाटून लावलं आणि एक शब्द विचारला नाही. तिला कळलंच असणार. फोड गेले, डाग राहिले, दोघींचेही.

धाकटी तेव्हा घरी नव्हती. हे लक्षात ठेवा.

धाकटी माझ्याहून सव्वा वर्षानं लहान. मामा अमरावतीला राजापेठेत राहायचे. मामीला मूलबाळ नव्हतं, तिनं आईकडं एक पोरगी मागितली, आणि धाकटी सात-आठ वर्षांची असताना तिकडं गेली. मी मे महिन्यात महिनाभर जायची. दुपारी वाळ्याच्या ताट्यांमागं अंधार करून आम्ही दोघी पडायचो, आणि ती म्हणायची, सांग ना काहीतरी. मला तिची कणव यायची. मग मी सांगायची, आळीतलं, शाळेतलं. बिब्याचं गुपितही सांगितलं. तिला ते इतकं आवडलं की दर सुट्टीत तेच परत सांगायला लावायची. बकरी होती का जवळ? आधी कोणाला लागलं? खोबरं ओलं होतं का सुकं? मी आपली सांगायची, खुळी.

मी नववीत असताना मामीला दिवस राहिले. मुलगा झाला, आणि धाकटी आमच्याकडं परत आली. मी टांग्यातून तिची ट्रंक उतरवून घेतली. आळीभर फिरवून प्रत्येकीला सांगितलं, ही माझी बहीण, हिला खेळायला घ्या. माझ्या घोळक्यात तिला मी माझ्या हातानं नेऊन बसवलं.

तिचं काय काय नवीन होतं ते आठवलं तरी आज हसू येतं. दोन वेण्या वर बांधून रिबिनीची फुलं. अमरावतीच्या शाळेत शिकलेली लेझीम. आणि ती ‘मले, तुले’ म्हणायची नाही, ‘मला, तुला’ म्हणायची. पंधरा दिवसांत आमच्या आळीतल्या साऱ्या पोट्ट्या मला-तुला करायला लागल्या, तोंड असं बारीक करून. पण खरं ते नव्हतं. रिबिनी चार दिवसांत जुन्या होतात. खरं हे होतं की ती ऐकायची. कोणी काहीही सांगो, ती हनुवटीला हात लावून ऐकायची, आणि मग तेच दुसरीला अशा काही रंगानं सांगायची की जिचं होतं तीसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत बसायची. मी हुकूम सोडायची. ती ऐकायची. पोरी कोणाकडं जाणार? आमच्या ओट्यावर संध्याकाळी तिच्याभोवती गोल व्हायचा आणि मी आत कंदिलाची काच पुसत बसलेली असायची.

एक संध्याकाळ अजून जशीच्या तशी आठवते. बांगडीवाल्याची दारात आली. मी उठले, चप्पल घातली. आम्ही रोज नदीच्या काठाकाठानं फिरायला जायचो. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “धाकटी कोठी हाय वं?”

मी म्हटलं, “आत हाय. जाय.” ती गेली. मी चप्पल परत काढली.

त्या वर्षी भाद्रपद आला तेव्हा आई म्हणाली, “यंदा तिले मांडू दे भुलाबाई. पोरगी इतक्या वर्षांनी घरी आली.”

“थोरली मी हाय.”

“तू थोरली हाय म्हणूनच सांगून राहिली.”

धाकटीनं भुलाबाई मांडली. जोंधळ्याच्या धांड्यांचा मखर केला, मी करायची त्याच्यापेक्षा चांगला केला, हेही मला दिसत होतं. मी महिनाभर घोळक्याच्या शेवटी चालले. टिपरीला माझ्यासमोर कोणी उभं राहिना. कोणी मला हाकललं नाही, कोणी वाईट बोललं नाही. हाकललं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी बोलले की पोरी थांबायच्या, माझं होईस्तोवर वाट बघायच्या, आणि मग जे चाललं होतं ते पुढं चालू करायच्या. रात्री गोधडीत तोंड खुपसून मी रडायची आणि शेजारी धाकटी शांत झोपलेली असायची.

आईला काहीतरी दिसलं असावं. कोजागिरी जवळ आली तसं ती म्हणाली, “त्या दिवशीची खिरापत तू कर. तुझ्या मनची कर.”

माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती. घोळका गेला तर जाऊ दे. आळी जाऊ दे, शाळा जाऊ दे. बांगडीवाल्याची ही एक मला परत पाहिजे होती. मी पंसाऱ्याच्या दुकानातून गोडंबी आणली, धाकटीलाही पत्ता लागू दिला नाही, तिलाही ओळखणाऱ्यांत बसायचं होतं. भुलाबाईला गोडंबी कोणी कधी करत नाही, ते बाळंतिणीचं खाणं. कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. ओळखेल तर ती एकटीच ओळखेल. ओळखेल, माझ्याकडं बघेल, मोठ्यानं नाव घेईल, आणि मी पहिला घास तिच्या हातावर ठेवीन. मग सगळं पहिल्यासारखं होईल, असं मला खरंच वाटत होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी डब्यात कापूस घातला नाही. तिला आवाज नीट यावा म्हणून.

कोजागिरीला आमचं अंगण भरलं होतं. चुलीवर दूध आटत होतं. गाणी झाली, आरती झाली, बांगडीवाल्याची दारातून आत आली. मी डबा हलवला. पोरी विचारू लागल्या. गोड? हो. चिकट? नाही. फुटाणे? नाही. शेंगदाणे? नाही. साखरफुटाणे, चारोळ्या, खारकेचे तुकडे, सगळं होऊन गेलं. मी म्हटलं, “एकीनं हातात घेऊन पाहा,” आणि डबा नेमका तिच्या हातात दिला.

तिनं तो कानाशी नेला, एकदा हलवला आणि थांबली. तिचा डावा हात आपोआप उजव्या कोपराखाली गेला, डागावर. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. थोडी हसलीसुद्धा. तिनं ओळखलं होतं. इतका आनंद मला त्यानंतर माझ्या मुलांच्या जन्मालाही झाला नाही, हे लिहायला नको पण खरं आहे.

मग ती वळली आणि वाकून धाकटीच्या कानात काहीतरी बोलली.

“गोडंबी,” धाकटी म्हणाली.

पोरींनी टाळ्या पिटल्या. मला झाकण काढावं लागलं. पहिला घास धाकटीच्या हातावर ठेवावा लागला, रीतच आहे ती. तिनं त्यातला अर्धा बांगडीवाल्याच्या मुलीच्या तोंडात घातला. कोणीतरी विचारलं, कसं गं ओळखलंस? धाकटी म्हणाली, मनात आलं.

दूध पिऊन पोरी निघाल्या तेव्हा मी तिला दारात गाठलं. “तू ओळखलं होतं ना?”

“हो. पहिल्याच बारीले.”

“मंग तिच्या कानात काहून सांगतलं?”

तिला प्रश्नच कळला नाही. “तिले पहिला घास भेटला पाहिजे म्हणून,” ती म्हणाली. “तुले काय, तू घरचीच. तुयीच तर खिरापत होती.”

तिच्या बोलण्यात काळं काही नव्हतं. ते असतं तर मी तिला शिव्या देऊन मोकळी झाले असते. ती सरळ मनानं धाकटीला काहीतरी देत होती, आणि जे देत होती ते माझं होतं, एवढंच तिला दिसत नव्हतं.

पुढच्या वर्षी मी मॅट्रिकचं निमित्त काढलं आणि घोळक्यात गेले नाही. कोणी बोलवायलाही आलं नाही. मॅट्रिक झाल्यावर मीच वडिलांच्या मागं लागून कॉलेजला अमरावतीला गेले, मामाच्या घरी, धाकटीच्याच जुन्या खोलीत. तिथं आश्विनात राजापेठेच्या गल्लीतून टिपऱ्यांचा आवाज आला की मी खिडकी लावून घ्यायची. मामी म्हणायची, ही पोरगी घुमीच आहे, धाकटी कशी घर भरून टाकायची. चार वर्षांत मी तिथं एक मैत्रीण केली नाही. यायच्या, बसायच्या, वह्या मागायच्या. मला कोणाला काही सांगावंसंच वाटेना. सांगितलेलं आपलं राहत नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

महाराष्ट्र झाल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न ठरलं. आमचं बिऱ्हाड तोवर जठारपेठेत आलं होतं. हिरवा चुडा भरायला जुन्या शहरातून ती आली. बाप थकला होता, नवऱ्याचं काही धड नव्हतं, टोपली आता तीच फिरवायची. आल्या आल्या धाकटीच्या गळ्यात पडली. दोघींचं येणंजाणं कधी थांबलंच नव्हतं. मला म्हणाली, “कशा हाय ताई? अमरावतीच्याच होऊन गेल्या तुमी.” मला ती ‘तुमी’ म्हणाली.

पहिला मान नवरीचा, म्हणून ती माझ्यासमोर बसली. माझ्या हाताला तेल लावलं. बांगड्या एकीवर एक टिचकावून पाहिल्या, एक बाजूला काढून ठेवली. मी ती उचलून उजेडात धरली तर केसाएवढी चीर होती. कान तिचे तसेच होते. मामी अमरावतीहून आली होती, ती शेजारी बसून बघत होती. तिनं विचारलं, “तुझ्या हाताला हे काय गं झालं?”

“हे?” ती हसली. “बिबा उतला होता, मामी. लहान होतो, चोरून गोडंबी फोडली आमी. मी अन् हे.” आणि तिनं हनुवटीनं धाकटीकडं दाखवलं.

धाकटी पाटावर बसून हळदीच्या पुड्या बांधत होती. ती खळखळून हसली. “अगं, काय सुजला होता हात,” ती म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. बकरीचा खुंटा. दातानं अर्धा केलेला गर. ओलं खोबरं. इतकं सुरेख सांगितलं की बायका हातातली कामं टाकून ऐकायला लागल्या. बांगडीवालीही ऐकत होती आणि मध्ये मध्ये हो हो म्हणत होती. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवत होतं. बकरीजवळ तिच्यासमोर दगड घेऊन धाकटी बसली होती.

मामी म्हणाली, “पण तू तर तेव्हा माझ्याकडे होतीस ना गं?”

मामीनं मनाशी थोडा हिशोब केला. “असेल, सुट्टीत गेली असशील,” ती म्हणाली आणि पान लावायला उठली.

माझा डावा हात तिच्या हातात होता. मी तो ओढला नाही. काय बोलणार होते? लग्नघरात, वीस बायकांसमोर, की ती मी होते? बांगडी चढवायला तिनं माझं मनगट चोळलं आणि तिचा अंगठा आतल्या बाजूला थांबला. तिनं हात वळवून पाहिला.

“हे काय झालं ताई? भाजलं काय?”

मी तिच्याकडं पाहिलं. जे बोलणार होते ते तिनं ओळखावं म्हणून नीट, सावकाश बोलले.

“चुलीची वाफ लागली होती.”

“जपत जा,” ती म्हणाली, आणि हिरवी बांगडी त्या डागावरून पुढं सरकवली.